हवेतली धूळ मोजतो, धुळीतले शिसे कधी मोजणार?

सकाळी मोबाइलवर हवेचा निर्देशांक पाहायचा, आकडा शंभरच्या आत दिसला की मुलांना निर्धास्तपणे सायकलवर क्लासला पाठवायचे, अशी सवय आता अनेकांना लागली आहे. मात्र हा आकडा धूळ किती आहे एवढेच सांगतो. ती कशाची आहे, हे सांगत नाही.

नगर शहर महामार्गांच्या फाट्यावर वसलेले आहे. पुणे, मनमाड, सोलापूर, कल्याण, छत्रपती संभाजीनगर, कोणताही रस्ता धरा, अवजड वाहनांची रांग ठरलेली. ब्रेक लावला की पॅड झिजून तांबे आणि अँटिमनी हवेत जातात, टायर झिजून जस्त. कोपऱ्यावर कचरा पेटवला की रंगीत प्लास्टिकमधले शिसे आणि कॅडमियम बाहेर पडू शकतात. प्लेटिंगच्या कामातून निकेल, क्रोमियम. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झाले, पण धातू कुजत नाही. तो रस्त्याकडेच्या मातीत बसतो आणि ट्रक गेला की पुन्हा उडतो.

शिशाचा सर्वात मोठा फटका लहान मुलांना बसतो. त्यांचे शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शिसे शोषून घेते आणि परिणाम थेट मेंदूच्या वाढीवर होतो. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कॅडमियम मूत्रपिंडात साठते. आर्सेनिक, निकेलची संयुगे आणि सहा संयुजेचे क्रोमियम फुप्फुसाच्या कर्करोगाशी जोडलेले आहेत.

कायदा याबाबत गप्प नाही. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार हवेतील शिशाची वार्षिक मर्यादा घनमीटरला ०.५ मायक्रोग्रॅम, आर्सेनिकची ६ आणि निकेलची २० नॅनोग्रॅम आहे. (कॅडमियम, क्रोमियमला मर्यादाच नाही.) निर्देशांकाच्या आठ घटकांत शिसेही आहे. पण तीन घटकांचे आकडे मिळाले, त्यात धूलिकण असले, की निर्देशांक काढता येतो. शिशासाठी फिल्टर प्रयोगशाळेत न्यावा लागतो, म्हणून रोजच्या आकड्यात ते सहसा नसतेच.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात राज्यातील १९ शहरे आहेत, त्यांत नगर नाही. असते तरी फार फरक पडला नसता, कारण तिथेही यशाचे माप मुख्यतः धूलिकणांचेच.

घरी कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे, खेळून आलेल्या मुलांचे हात जेवणाआधी धुवावेत. लोह आणि कॅल्शियम पुरेसे मिळाले तर शिसे कमी शोषले जाते. पण चौकातली धूळ फडक्याने पुसली जात नाही. माळीवाडा, सक्कर चौक आणि नागापूर एमआयडीसीजवळच्या हवेचे फिल्टर, तसेच रस्त्यालगतच्या शाळांच्या मैदानातली माती महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासून घ्यावी. वार्षिक सरासरीसाठी वर्षभर मोजावे लागेल, हे खरे. पहिले नमुने या हिवाळ्यात घेता येतील, आणि त्यांचे आकडे पालकांना मोबाइलवर दिसले पाहिजेत.