पोटातली महाधमनी फुटते तेव्हा

सत्तरीपुढच्या गृहस्थाच्या पोटात-कंबरेत अचानक जीवघेणी कळ येते, दरदरून घाम फुटतो, उभे राहिले की अंधारी येते. घरच्यांना वाटते मुतखडा. कधी डॉक्टरांनाही तसेच वाटते. पण हृदयातून निघून पोटात उतरणारी महाधमनीही फुटलेली असू शकते.

पोटात ही धमनी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. ३ झाली की तिला फुगवटा म्हणतात आणि पुरुषांत ५.५ला शस्त्रक्रियेचा विचार होतो. फुटल्यावर निम्मे रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत.

पोहोचलेल्यांचे काय? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या ‘इम्प्रूव्ह’ अभ्यासात ६१३ रुग्ण होते. जांघेतून स्टेंट घालायचे ठरवलेल्या गटात महिन्याभरात ३५ टक्के दगावले, पोट उघडायचे ठरवलेल्या गटात ३७ टक्के. फरक नगण्य. मात्र वाचलेल्यांपैकी रुग्णालयातून थेट घरी गेलेले पहिल्या गटात ९४ टक्के होते, दुसऱ्यात ७७. म्हाताऱ्या माणसाला हा फरक लहान नाही.

‘या वयात कापाकापी कशाला?’ असे नातेवाईक विचारतात. नुसत्या वयावर मी उत्तर देत नाही. काल स्वतः भाजी आणायला गेलेले ऐंशीचे आजोबा वेगळे आणि वर्षभर अंथरुणाला खिळलेले वेगळे. दुसऱ्यांच्या वेदना शमवणे हाही उपचारच. १९५५ मध्ये ७६ वर्षांच्या आइनस्टाइन यांनी शस्त्रक्रिया नाकारली, तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता.

रावेतच्या उंच सोसायट्यांत मुलांकडे राहायला आलेले असे आई-वडील आता घरोघरी दिसतात. शंका आली तर जवळचे नव्हे, योग्य रुग्णालय गाठा. सीटी स्कॅन, रक्तपेढी आणि रक्तवाहिन्यांचे सर्जन या क्षणी आहेत का, हे निघतानाच फोनवर विचारा. वाटेत बीपी वाढवायला सलाइनचा मारा करू नये. त्याने रक्तस्राव वाढतो.

तीच शस्त्रक्रिया फुटण्याआधी ठरवून केली, तर मृत्यूचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत राहते. ब्रिटनमध्ये पुरुषांना पासष्टीत या तपासणीसाठी बोलावतात. आपल्याकडे अशी योजना नाही. पण प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी होतेच. बिडी-सिगारेट ओढलेल्या वडिलांची ती करताना ‘महाधमनीही मोजा’ एवढे सांगा, आणि रिपोर्टमध्ये आकडा लिहून घ्या.