नंबर एकाचा, नाव दुसऱ्याचे

लिहिण्यासारखे 2025मध्ये बरेच घडले. मे महिन्यातच पाऊस कोसळला आणि पेरण्यांचे गणित बिघडले, पहिलीपासूनच्या हिंदीचे आदेश सरकारला जूनअखेर मागे घ्यावे लागले, प्रतापगड जागतिक वारशाच्या यादीत गेला, आणि साताऱ्याला जानेवारी 2026मध्ये साहित्य संमेलन भरायचे ठरले. त्यावर अंकात इतरांनी लिहिले आहेच. आमच्या डोक्यात मात्र वर्षभर एका वाक्याची भुणभुण चालू आहे: ‘फोनवर नको, भेटल्यावर बोलू.’ एके काळी हे मंत्रालयाच्या आसपास ऐकू येई. आता ते पाटणच्या बाजारात ऐकू येते. ग्रामपंचायत सदस्य बोलतो, बदलीच्या खटपटीतला शिक्षक बोलतो, आणि साधा कॉल कापून लगेच व्हॉट्सॲपवरून लावतो. या माणसांचे फोन बहुधा कोणी ऐकत नसेल. पण ऐकत असेल तर आपल्याला कधी कळायचे नाही, आणि कळले तरी पुढे काही व्हायचे नाही, याची त्यांना खात्री आहे. ही खात्री उगीच आलेली नाही.

नाना पटोले यांनी जुलै 2021मध्ये विधानसभेत सांगितले की 2016-17च्या सुमारास आपला फोन ‘अमजद खान’ या नावाखाली टॅप होत होता, आणि कारण दाखवले होते अमली पदार्थांच्या व्यापाराचे. गृहमंत्री दिलीप वळसे पाटील यांनी चौकशी लावली. फेब्रुवारी 2022मध्ये पुण्यात बंडगार्डन ठाण्यात आणि पुढच्याच महिन्यात मुंबईत कुलाबा ठाण्यात आयपीएस अधिकारी रश्मी शुक्ला यांच्यावर गुन्हे नोंदवले गेले. बच्चू कडू यांचा नंबर ‘निजामुद्दीन बाबू शेख’ या नावाने, तर संजय राऊत आणि एकनाथ खडसे यांचे नंबर समाजविघातक व्यक्तींचे म्हणून मंजुरीला गेले, असा आरोप होता. त्याच वर्षी जूनमध्ये महाविकास आघाडीचे सरकार पडले. नव्या राजवटीत पुण्याचा तपास बंद करण्याचा अहवाल आला, मुंबईच्या प्रकरणात खटल्याला सरकारने मंजुरी नाकारली, आणि सप्टेंबर 2023मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. जानेवारी 2024मध्ये शुक्ला राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. गुन्हे नोंदवले गेले तेव्हा गृह (ग्रामीण) राज्यमंत्री आमच्याच पाटणचे शंभूराज देसाई होते. सरकार बदलले, तरी ते मंत्रिमंडळात आहेतच.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की न्यायालयाने गुन्हे रद्द केले, मग उगाळायचे कशाला? आक्षेप रास्त आहे. संबंधित अधिकाऱ्यांवर कायद्याने कोणताही डाग नाही आणि तो आम्ही लावत नाही. आमचा प्रश्न त्यांच्याविषयी नाहीच. आमदार-खासदारांचे नंबर भलत्याच नावांनी मंजुरीला गेले की नाही, याचे उत्तर कोणत्या साक्षीपुराव्यावर मिळाले? एका सरकारला जो गुन्हा दिसला तो दुसऱ्याला दिसला नाही, आणि मधल्या काळात बदलले ते सरकार. आघाडीने तत्त्वासाठी गुन्हे नोंदवले, असेही आम्ही समजत नाही; दुखावलेले बहुतेक त्यांच्याच जवळचे होते. शेजारच्या कर्नाटकात 1988मध्ये फोन टॅपिंगच्या वादात रामकृष्ण हेगडेंना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले होते. आपल्याकडे उपसचिवाची खुर्चीसुद्धा हलली नाही.

खरी गोम कायद्याच्या अंमलात आहे. 1885च्या टेलिग्राफ कायद्याने फोन ऐकायला दोनच प्रसंग ठरवले होते: सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता. सर्वोच्च न्यायालयाने 1996च्या पीयूसीएल निकालात गृहसचिवाची मंजुरी, दोन महिन्यांची मुदत, फार तर सहा महिने, आणि फेरतपासणीची समिती अशी चौकट घालून दिली. पण राज्यातल्या समितीत मुख्य सचिव आणि आणखी दोन सचिव. मंजुरी देणाराही सचिव, ती तपासणारेही सचिव, बाहेरचा माणूस औषधालाही नाही. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने 2018मध्ये लिहून ठेवले आहे की केंद्राच्या अशा समितीपुढे दोन महिन्यांतून एकदा होणाऱ्या बैठकीत 15 ते 18 हजार आदेश असतात. एकेका आदेशाला एक मिनिट दिले तरी बैठक दहा दिवस-रात्र चालायला हवी! तिथे ‘अमजद खान’ कोण हे विचारणार कोण? 2023चा नवा दूरसंचार कायदा आणि त्याखालचे 2024चे नियम आले, तरी समितीचा साचा तोच राहिला.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. 26/11 सोसलेल्या राज्याने त्याला हसू नये. फोन ऐकावे लागतात, गुपचूप ऐकावे लागतात. शिवाय पोलीस बदल्यांच्या बाजाराचा 2020चा गोपनीय अहवाल टॅपिंगमधूनच निघाला होता. तो बाजार खरा असेल तर तो उघड होणे जनहिताचे, हेही मान्य. पण लाच पकडणे कितीही चांगले असले, तरी त्यासाठी सार्वजनिक सुरक्षिततेचे कलम वापरता येत नाही, असे सांगून मुंबई उच्च न्यायालयानेच ऑक्टोबर 2019मध्ये विनीतकुमार प्रकरणात तीन आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला लावले. जुलै 2025मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही तीच वाट धरली. ब्रिटनमध्ये 2016च्या कायद्याने मंत्र्याच्या सहीनंतर न्यायिक आयुक्ताची संमती लागते आणि दरवर्षी आकडे छापले जातात; अमेरिकेतही न्यायालयीन टॅपिंगचा वार्षिक अहवाल निघतो. त्या देशांतले दहशतवादी हे आकडे वाचून निसटले, असे काही ऐकिवात नाही.

अंकाचा विषय कोयनेचे धरणग्रस्त आहे, आणि संपादकीय भलतीकडे गेले असे काहींना वाटेल. तसे ते गेलेही असेल. पण धरणग्रस्ताची फाइल एकदा उघडून पाहा. संकलन रजिस्टरला आजोबांचे नाव ‘ज्ञानू’, सातबाऱ्यावर ‘ज्ञानदेव’, म्हणून प्रतिज्ञापत्र. वारसनोंदीत आडनावाचा एक काना राहिला, म्हणून पुन्हा तलाठ्याकडे. साठ वर्षांपूर्वी पाण्याखाली गेलेल्या जमिनीच्या बदल्यात जमीन मागणाऱ्याने आपण आपणच आहोत हे दर टेबलावर सिद्ध करायचे. त्याच राज्यात एखाद्याच्या खासगी बोलण्याला कान लावायचा तर नाव जुळवायची तसदी घेतली जात नसेल, तर कागदाचा धाक नेमका कोणासाठी आहे?

सातारा-सांगलीने या राज्याला बाळासाहेब देसाई, आर. आर. पाटील, जयंत पाटील असे गृहमंत्री दिले, आणि देशाला यशवंतराव. तेव्हा इथल्या आमदारांनी डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात गृहखात्याला निदान दोन आकडे विचारावेत. गेल्या पाच वर्षांत टॅपिंगचे किती आदेश निघाले, आणि फेरतपासणी समितीने त्यांतले किती रद्द केले? यासाठी कोणाचे नाव सांगावे लागत नाही, कोणता तपास उघडा पडत नाही. जनसुरक्षा विधेयक जुलै 2025मध्ये याच सभागृहांनी मंजूर केले; सरकारच्या हाती आणखी अधिकार देताना आधीचे कसे वापरले, हे विचारायचे राहून गेले. उत्तर आले तर पुढच्या अंकात छापू. ‘माहिती गोपनीय’ एवढेच आले, तर तेही छापू.