पटावरून कमी केलेली नावं

परवा आमच्या तालुक्याच्या गावी एका शाळेत पालक मेळावा झाला. अध्यक्षस्थानी एक निवृत्त मुख्याध्यापक होते. सर पाऊण तास बोलले आणि पालकांनी पाच वेळा टाळ्या वाजवल्या. त्यातल्या एका टाळीत मीही होते; शेजारी विहीणबाई बसल्या होत्या, आणि सोयरिकीत हाताची घडी घालून बसणं बरं दिसत नाही. ती टाळी परत घेण्यासाठी हा लेख.

सरांचं म्हणणं थोडक्यात असं. शाळेत समुपदेशक नेमणं हे शहरी खूळ आहे. मुलांना बोलकं करायच्या नादात आपण रडकं करून ठेवलं. आमच्या वेळी वर्गात छडी होती, घरात धाक होता, ओसरीवर आजी होती. ताणबीण, नैराश्यबिराश्य असलं काही नव्हतं. पोहायला जात नाही म्हणून श्यामच्या आईने त्याला शिंपटीने झोडलं, म्हणून तो साने गुरुजी झाला. शिवाय समुपदेशकाच्या पगारात दोन संगणक येतात. सर हे सगळं याहून कितीतरी रसाळ बोलले, पण रस पिळून काढला की चोथा एवढाच उरतो.

किरकोळ मुद्दे आधी उरकते. संगणक येतात, खरं आहे. आमच्या शाळेतही आले होते; तीन वर्षं प्लास्टिकच्या आवरणाखाली सुखाने नांदले. छडीचं म्हणाल तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे, तेव्हा सर भर मेळाव्यात ज्याचं कौतुक करत होते ते आता बेकायदा आहे. शहरी खूळ म्हणाल तर ताराबाई मोडक 1945 मध्ये बोर्डीला गेल्या आणि पुढे अनुताई वाघांच्या सोबतीने कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांतल्या मुलांना न मारता, न दरडावता शिकवत राहिल्या. ते शहर कोणतं, हे सरांनी सांगावं.

आणि आजी? ओसरीवर आजी होती, कबूल. पण घरातलाच काका नको तिथे हात लावतो, हे त्या आजीला सांगायची सोय किती घरांत होती? असल्या बहुतेक प्रकरणांत गुन्हेगार मुलाच्या ओळखीचाच निघतो. 2012 च्या पॉक्सो कायद्याने तर असा प्रकार कानावर आलेल्या प्रत्येकाला तो पोलिसांना कळवणं बंधनकारक केलं आहे. त्यातून मुख्याध्यापकही सुटत नाहीत. आजीला हा कायदा माहीत असायचं कारण नव्हतं.

आता ‘आमच्या वेळी’. या दोन शब्दांशी माझं जुनं वैर आहे, म्हणून इथे जरा ऐसपैस बसते.

मी 28 वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं. त्यातली सहा वर्षं वर्गशिक्षकपणाबरोबर जनरल रजिस्टर लिहायचं कामही माझ्याकडे होतं, कारण माझं अक्षर बरं. हे रजिस्टर ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची त्यात एक आडवी ओळ असते. शेवटाकडे रकाने असतात: प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडण्याचे कारण. वर्तणुकीच्या रकान्यात सगळ्यांचं ‘चांगली’. पुढे तुरुंगात गेलेल्याचंही ‘चांगली’. आणि कारणाच्या रकान्यात चारपाच ठरलेली वाक्यं: दहावी उत्तीर्ण, पालकांची बदली, पालकांच्या विनंतीवरून, दीर्घकाळ गैरहजर म्हणून नाव कमी केले.

हे शेवटचं वाक्य मी किती वेळा लिहिलं, मोजलेलं नाही. एकदाचं आठवतं. 1994 साल, आठवी. वर्गातला मुलगा, बीजगणित त्याला आपसूक यायचं. दिवाळीनंतर गृहपाठ आणेनासा झाला. मी फूटपट्टी आडवी न धरता उभी धरून मारत असे, ती जास्त लागते. त्याला तीन दिवस लागोपाठ मारलं. चौथ्या दिवशी तो आला नाही. पुढे कधीच आला नाही. त्याच्या घरी काय चाललं होतं, हे मला त्याच्या धाकट्या बहिणीच्या वर्गशिक्षिकेकडून पाच महिन्यांनी कळलं, तेही स्टाफरूममध्ये चहा घेताना. जूनमध्ये मी वळणदार अक्षरात त्याचं कारण लिहिलं. त्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

तर सर म्हणतात, आमच्या वेळी कुणाला काही झालं नाही. कुणाला? मेळाव्यात समोर बसलेल्यांना. जे तगले ते खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवत होते. जे गळाले त्यांना पत्रिका गेलीच नव्हती. दहावीच्या निरोप समारंभाच्या फोटोत चाळीस डोकी असतात, पाचवीच्या पटावर सत्तर असायची. मधली तीस कुठे गेली हे विचारण्याची रीत तेव्हा नव्हती, आणि विचारलं नाही की उत्तर चांगलंच येतं. सगळीच मुलं नैराश्याने गळाली, असं म्हणण्याइतकी मी भोळी नाही. गरिबी होती, शेत होतं, मुलींची लग्नं होती. पण त्यांतल्या कुणाचं मन मोडलं होतं आणि कुणाची फी थकली होती, हे सांगू शकणारा एकही माणूस शाळेत नव्हता. ‘काही नव्हतं’ हे सर कशाच्या जोरावर म्हणतात?

शब्द मात्र होते. पोरगी गप्पगप्प झाली की ‘बाहेरचं काहीतरी लागलंय’. पोरगा दचकून उठायला लागला की ‘कुणाची तरी नजर’. सासरी जायच्या आधी पंधरा वर्षांची मुलगी ओरडत घुमायला लागली की अंगात आलं. विहिरीवर कुणाचा पाय घसरला की पाय घसरला. सगळ्या गावाला कळायचं, कुणी बोलायचं नाही. म्हणजे आमच्या वेळी समुपदेशक नव्हता, हेही तितकंसं खरं नाही. देवऋषी होता. तो फी घ्यायचा, अंगारा द्यायचा, क्वचित मिरचीची धुरी द्यायचा, आणि त्याच्या पात्रतेबद्दल कुठल्याही निवृत्त मुख्याध्यापकांनी कधी पाऊण तास भाषण केल्याचं ऐकिवात नाही.

राहता राहिले साने गुरुजी. ‘श्यामची आई’ 1935 ची. सरांना त्यातली शिंपटी तेवढी लक्षात राहिली. अर्ध्या महाराष्ट्राला रडायला शिकवणाऱ्या त्या शिक्षकाने 1950 च्या जूनमध्ये स्वतःच आपलं आयुष्य संपवलं, हे सरांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. जुन्या पिढीची मनं पोलादी होती असं सांगताना गुरुजींचं नाव घेऊ नये, एवढंच म्हणते.

हे ‘आमच्या वेळी’ प्रकरण नवं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये शाळेत शिजवलेलं अन्न द्या म्हटलं, तेव्हा याच तालुक्यात ‘शाळा आहे की खानावळ’ असा प्रश्न विचारला गेला होता, आणि आमच्या वेळी आम्ही शिळी भाकरी खाऊन शिकलो, हेही सांगून झालं होतं. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी हवी, यावर एका सभेत वीस मिनिटं वाद झालेला मी ऐकला आहे. कडीवर! आता तीच मंडळी खिचडीच्या योजनेच्या उद्घाटनाचे फोटो दाखवतात. समुपदेशकाचंही तसंच होईल. फक्त तोवर काही नावं कमी होतील.

सरांच्या एका वाक्याला मात्र माझी टाळी कायम आहे. ‘आनंदी मन’ वगैरे नावाची शिबिरं विकत हिंडणाऱ्या कंपन्यांना त्यांनी झोडपलं. योग्य केलं. पाचशे मुलांना मैदानात बसवून डोळे मिटायला लावायचं, माइकवरून ‘आईवडिलांची माफी मागा’ म्हणत हुंदके काढायचे आणि चेक घेऊन जायचं, याला आधार म्हणत नाहीत. पण भोंदू वैद्य आहेत म्हणून गावात दवाखाना नको, हा निष्कर्ष सरांचा, माझा नाही.

मग हवं काय? माझ्याकडे मोठी योजना नाही, आणि गणिताच्या बाईकडून ती अपेक्षितही नसावी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. सर्वाधिक, 1,764, महाराष्ट्रात. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत 13 ते 17 वयाच्या सुमारे 7.3 टक्के मुलांना कसला ना कसला मानसिक आजार आढळला. साठच्या वर्गात चार मुलं. वर्गशिक्षकाला ती चार ओळखता यावीत, आणि ओळखल्यावर पाठवायला एक माणूस असावा, इतकंच. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितलंच आहे की 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत एक तरी प्रशिक्षित माणूस हवा आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं. केंद्रातल्या आठदहा शाळा मिळून एक समुपदेशक ठेवता येईल. त्याला खेळाच्या साहित्याची खोली न देता बसायला जागा द्यावी. मुलगा तिथून बाहेर पडला की ‘काय रे, वेड लागलं का’ म्हणणाऱ्या शिक्षकाला दोन शब्द सुनवावेत. तक्रारपेटीची किल्ली मुख्याध्यापकांच्या कमरेला नको. मुलांच्या सुरक्षिततेसाठी प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती नेमा, असं शासनाने 2022 मध्येच सांगितलं होतं. ऑगस्ट 2024 मध्ये शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराविरुद्ध बदलापूरला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, तेव्हा कुठे माझ्या माहितीतल्या शाळांनी आपली समिती कोणत्या फाइलीत आहे ते शोधलं.

हे सगळं जमेल तेव्हा जमेल. एक काम मात्र पुढच्या सोमवारी होण्याजोगं आहे. त्या शाळेच्या फाटकातून आत शिरताना डाव्या भिंतीवर देणगीदारांची नावं रंगवली आहेत, सरांचंही आहे. त्या नावांखाली हातभर जागा मोकळी आहे. तिथे दोन आकडे रंगवून घ्यावेत: 1098, मुलांची मदतवाहिनी, आणि 14416, केंद्र सरकारची टेली-मानस, जिथे मराठीतही बोलता येतं. मुलांना वाचता येतील एवढ्या उंचीवर. रंगाचा आणि पेंटरचा खर्च मी देते. परवानगी सरांनी मिळवून द्यावी.