पत्र्याच्या आत अडकलेली धूळ

हिंदमाता उड्डाणपुलावरून परळकडे जाताना बांधकामांभोवतीचे उंच पत्रे नजरेत भरतात. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये धूळ रोखण्यासाठी नियमावली काढली. ७० मीटरपेक्षा उंच इमारतीभोवती किमान ३५ फुटांचा पत्रा, हिरवे कापड, पाण्याचे फवारे सक्तीचे झाले. रस्त्यावरच्यांना दिलासा मिळाला. पण पत्र्याने धूळ संपत नाही, ती आत अडकते; आणि आत कामगार असतो.

कामगारांनी मास्क, चष्मा, हेल्मेट वापरावे, असेही त्याच नियमावलीत आहे. हेल्मेट निदान दिसते. मास्कच्या जागी बहुधा गमछा असतो. काँक्रीट, ग्रॅनाइट, लाद्या कापताना उडणारी सिलिकाची सूक्ष्म धूळ त्याने अडत नाही. तिच्यातून होणारा सिलिकोसिस सहसा दहा-पंधरा वर्षांनी उघड होतो, बरा होत नाही आणि क्षयाचा धोका वाढवतो. तोवर कामगार गावी परतलेला असतो.

याच गिरणगावात कापसाच्या धुळीने कित्येकांच्या छात्या पोखरल्या. पण गिरणी कामगाराचे नाव वर्षानुवर्षे एकाच हजेरीपटावर असे आणि विमा योजनेचे गांधी रुग्णालय परळमध्येच होते. बांधकाम कामगाराची साइट आणि ठेकेदार दर काही महिन्यांनी बदलतो. मग त्याच्या आजाराला जबाबदार कोण?

उपाय माहीत आहेत: पाणी सोडून कापणे, यंत्रालाच धूळ ओढून घेणारी जोडणी, घट्ट बसणारे एन-९५ मास्क, दरवर्षी छातीचा एक्स-रे. पैसाही आहे. १९९६च्या कायद्याने सुरू झालेला, बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर कल्याणकारी मंडळासाठी वसूल होतो. मात्र नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरच्या मजुराने तो कोणत्या ठेकेदाराकडे मागायचा?

डिसेंबर २०२४ अखेरीस हवा बिघडली म्हणून पालिकेने भायखळा आणि बोरिवली पूर्वेतील बांधकामे थांबवली. निर्णय योग्यच, पण रोज बुडाला तो मजुराचा. दिल्ली परिसरात अशाच बंदीच्या काळात याच उपकरातून कामगारांना निर्वाहासाठी पैसे देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये दिला होता. मुंबईत काम थांबवण्याच्या नोटिशीसोबतच ही भरपाई सुरू व्हायला हवी. आणि साइटवर तपासणीला येणाऱ्या पालिकेच्या पथकाने पत्र्याची उंची मोजून झाल्यावर आत जाऊन ग्राइंडर चालवणाऱ्याच्या तोंडावर काय आहे, हेही पाहावे.