जोडणी कोणाच्या हाती?

निवासी शाळेसाठी संगणककक्ष उभारायचा म्हटला की देणगीदारांची दृष्टी प्रथम यंत्रांच्या संख्येकडे जाते. उद्घाटनाच्या छायाचित्रात संख्या दिसतेही. ती यंत्रे कशाला आणि कशी जोडली आहेत हे मात्र छायाचित्रात येत नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न तिथेच आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबविला. शाळांतील कितीतरी जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ते भंगारात काढण्याची घाई करू नये. लिनक्सची हलकी प्रणाली घालून त्यांचे ‘थिन क्लायंट’ करता येतात. मग काम एका सक्षम सर्व्हरवर चालते आणि विद्यार्थ्यापुढे केवळ पडदा, कळफलक व माऊस उरतो. कल्पना नवी नव्हे. रेल्वे आरक्षणाच्या खिडकीवरील यंत्रही तिकिटांची नोंदवही स्वतःजवळ बाळगत नाही. २००८ च्या सुमारास शेजारच्या अविभाजित आंध्र प्रदेशात हजारो सरकारी शाळांत, एकाच संगणकावर अनेक विद्यार्थी काम करतील अशी एनकम्प्युटिंगची साधने बसविण्यात आली होती. नवे थिन क्लायंट घेतल्यास बहुतेकांत पंखा नसतो आणि वीजही थोडी लागते. नागपूरच्या मे महिन्यात हा लाभ लहान नव्हे.

परंतु या व्यवस्थेचा प्राण जोडणीच्या सेटिंगमध्ये आहे. सर्व्हरचा पत्ता बदलता राहिला, तर एखाद्या सकाळी सगळेच पडदे एकदम मुके होतात. तो स्थिर हवा. यंत्राचे घड्याळ मागे पडले असेल, तर सुरक्षा-प्रमाणपत्र अमान्य ठरून सत्र उघडत नाही. विंडोज सर्व्हरवर दूरस्थ सत्रांचे परवाने न घेता काम सुरू केले, तर १२० दिवसांची सवलत संपताच जोडण्या नाकारल्या जातात. जूनअखेर उद्घाटन झाले असेल, तर हा दिवस नेमका सहामाही परीक्षेच्या आसपास उगवतो!

सर्वांत मोठा आक्षेप मी घेतो तो सामाईक खात्यावर. सोयीसाठी सर्व यंत्रांत एकच नाव, एकच पासवर्ड भरून ठेवला जातो. ज्या मुलाच्या घरी संगणक नाही, त्याला सर्व्हरवर स्वतःचे खाते मिळाले तर कोणत्याही जागी बसले तरी त्याचे काम त्याची वाट पाहत असते. सामाईक खात्यात कालचा निबंध आज दुसऱ्याच्या हातून पुसला जातो.

सर्व्हर बंद पडला तर सारेच थांबेल, ही शंका रास्त आहे. त्यावर सर्व्हरला यूपीएस आणि विद्यार्थ्यांच्या कामाची रोजची दुसरी प्रत, एवढे तरी हवेच. मुले सेटिंग बिघडवतील, ही भीती मात्र मला पटत नाही. एक जुने यंत्र केवळ सरावासाठी ठेवावे. त्यावर नववीच्या मुलामुलींनी पत्ता चुकवावा, घड्याळ मागे न्यावे आणि स्वतःच जोडणी पूर्ववत करावी. प्रशासकाचा पासवर्ड कंत्राटदाराच्या वहीत न राहता मुख्याध्यापकांच्या कपाटात, बंद पाकिटात असावा. संगणकक्षेत्रात काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी यंत्र देण्याआधी प्रत्येक सत्रात एक दिवस द्यावा: दोन शिक्षकांना शेजारी बसवून एकदा संपूर्ण जोडणी नव्याने करून दाखवावी, आणि तिचा क्रम मराठीत लिहून कक्षाच्या भिंतीवर लावावा.