फराळाआधीचा अर्धा तास

दिवाळी सरते आणि तुळशीचे लग्न लागते, त्या पंधरवड्यात गावोगावच्या रोटरी, लायन्स आणि तत्सम क्लबांची स्नेहमिलने उरकून घेतली जातात. कार्यक्रमपत्रिका साधारण ठरलेली. साडेसहाला चहा, सातला सेवा उपक्रम, साडेसातला मान्यवरांची मनोगते, मग सदस्यांची कराओकेवरची गाणी, जोडप्यांचे खेळ आणि साडेआठनंतर ‘फेलोशिप’. फेलोशिप म्हणजे नक्की काय, हे क्लबाबाहेरच्याने विचारू नये आणि क्लबातल्याला विचारावे लागत नाही.

या जेवणावळीला आमची हरकत नाही. चार कष्टाळू व्यापारी, डॉक्टर, वकील, ठेकेदार सणाच्या निमित्ताने सहकुटुंब एकत्र येतात, हसतात, स्वतःच्या वर्गणीतून जेवतात, यात कोणाच्या बापाचे काय गेले? तक्रार आहे ती फक्त सात ते साडेसात या वेळेबद्दल.

या अर्ध्या तासासाठी जवळच्या बालगृहातली मुले पाच वाजताच टेम्पोतून आणून पहिल्या रांगेत बसवलेली असतात. प्रांतपाल, म्हणजे क्लबांच्या प्रांताचे प्रमुख, दुसऱ्या क्लबाचे स्नेहमिलन आटोपून येणार म्हणून सातचे पावणेआठ होतात. मग नावे पुकारली जातात. चिवडा, शेव, चार शंकरपाळी आणि एक बुंदीचा लाडू एवढ्या ऐवजाचे पाकीट द्यायला अध्यक्ष, सचिव, प्रकल्पप्रमुख, देणगीदार आणि देणगीदाराचे मेहुणे असे पाच जणांचे हात लागतात. फ्लेक्सवरचे क्लबाचे नाव कोणाच्या तरी फेट्याआड गेले म्हणून छायाचित्रकार पाकीट परत घ्यायला लावतो आणि ते पुन्हा दिले जाते. मुले पाकीट मांडीवर घेऊन बसतात. एखादा त्याचे टोक चाचपू लागला, की सूत्रसंचालिका माईकवरून गोड आवाजात सांगते, ‘बाळांनो, आत्ता फोडू नका हं, घरी जाऊन खा.’ कोणत्या घरी, हे तिला त्या क्षणी सुचत नाही.

गंमत अशी, की या अर्ध्या तासाची सक्ती कोणी केलेलीच नाही. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने कोळशाचा व्यापारी, खाण अभियंता आणि शिंपीकामाचा व्यावसायिक अशा तिघांसोबत रोटरीची पहिली बैठक घेतली, तेव्हा सेवा हा शब्दही कोणाच्या ओठी नव्हता. लहान गावात वाढलेला हा माणूस मोठ्या शहरात एकटा पडला होता. त्याला दोस्त हवे होते, आणि दोस्तांना जमले तर एकमेकांकडून धंदाही. कोणी कोणाला किती धंदा दिला याची नोंद ठेवण्याची सोयही सुरुवातीच्या क्लबात होती. पुढच्याच वर्षी डोनाल्ड कार्टर या वकिलाला सदस्य व्हा म्हणून गळ घातली गेली, तेव्हा नुसते आपापसातले भले करणाऱ्या क्लबात मी येणार नाही, असे त्याने सुनावले. तिथून सेवेची सुरुवात झाली. म्हणजे आधी मैत्री, मग सेवा, हा क्रम मूळचाच आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आणि त्या क्लबाने हाती घेतलेले पहिले मोठे लोककार्य कोणते? सार्वजनिक स्वच्छतागृह. दारूविक्रेते म्हणाले, पुरुषांसाठी आमचे गुत्ते आहेत; बड्या दुकानांचे मालक म्हणाले, बायकांसाठी आमची दुकाने आहेत. तिथे जायचे तर आधी एक पेला नाहीतर काहीतरी खरेदी करावी लागते, हा क्लबाचा मुद्दा होता. तरी नेटाने पाठपुरावा करून त्यांनी काम तडीस नेले. मुंबईत रोटरी १९२९ साली आली, लायन्स १९५६ साली. आपल्या किती क्लबांनी एसटी स्थानकावरची मुतारी हा ‘प्रकल्प’ म्हणून स्वीकारला असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. तिथे फ्लेक्स लावायलाही जागा चांगली नसते.

आता दिवाळीच का, याचे उत्तर भक्तिभावात नसून क्लबाच्या पंचांगात आहे. रोटरी असो वा लायन्स, क्लबाचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. दिवाळी येते तेव्हा नवे अध्यक्ष साडेतीन ते साडेचार महिन्यांचे असतात. गळ्यातली कॉलर अजून नवी, तिजोरीत वर्गणी, प्रांतपालांच्या भेटीची तयारी. अशा वेळी उपक्रमांचा पाऊस पडतो. पण बालगृहाला दिवाळीत पाहुण्यांची टंचाई नसते. ज्यांना मामा, मावशी, आजी असे कोणी आहे ती मुले सुट्टीत तिकडे गेलेली असतात. मागे उरतात ती ज्यांना कोणीच नाही ती मुले. या मूठभर मुलांवर क्लब, बँका, कंपन्या, महाविद्यालये आणि भावी नगरसेवक असे सगळे एकदम लाडू घेऊन तुटून पडतात. एकच मूल तीन क्लबांच्या अहवालात तीन ‘लाभार्थी’ होते. रोटरीच्या बैठकांत हर्बर्ट टेलरने १९३२ साली रचलेली फोर-वे टेस्ट मोठ्याने म्हटली जाते. तिचा पहिलाच प्रश्न खरेपणाचा आहे. अहवालातील लाभार्थींच्या रकान्यापुरता तो दरवर्षी एकदा स्वतःला विचारायला हरकत नसावी.

जूनमध्ये चित्र उलटे होते. शाळा सुरू होतात, वह्या लागतात, दप्तराचा बंद तुटलेला असतो, पावसात छत गळते, आणि दहावी झालेल्या मुलीला अकरावीच्या प्रवेशासाठी कागदपत्रे घेऊन चार कचेऱ्या फिरवणारे मोठे माणूस हवे असते. नेमक्या त्याच महिन्यात मावळते अध्यक्ष हिशेब बंद करण्यात आणि पुरस्कारांचे अर्ज भरण्यात गुंतलेले असतात, आणि येणारे अध्यक्ष पदग्रहणाच्या सभागृहाचे भाडे ठरवत असतात. जूनला धनी नसतो.

याच क्लबांनी याहून फार मोठे काम केले आहे, म्हणून हे लिहायचे. पोलिओ निर्मूलनाचा विडा रोटरीने १९८५ साली उचलला. नंतर वर्षानुवर्षे रविवारी सकाळी बूथवर बसून, लसडब्यातला बर्फ वितळत नाही ना हे पाहत, बाळांच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण करत सदस्यांनी सरकारी कर्मचाऱ्यांना आणि अंगणवाडी सेविकांना साथ दिली. देशातला अखेरचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. या कामात दर रविवारी नवे काय छापणार? तीच बाळे, तेच दोन थेंब, तोच बूथ. तरीही ते झाले, कारण ते एका अध्यक्षाच्या वर्षात मावणारे नव्हते आणि तसे कोणी मानलेही नाही.

तेव्हा क्लबांनी स्नेहमिलन खुशाल करावे, साडेआठपर्यंत ताटकळत न राहता सातलाच जेवायला बसावे, आणि मुलांना त्या सभागृहात आणूच नये. फराळाच्या पाकिटांसाठी काढलेली रक्कम बाजूला ठेवून ती पुढच्या अध्यक्षांच्या हाती जूनमध्ये देण्याचा ठराव याच बैठकीत करावा. आणि बालगृहाच्या अधीक्षकांना एक फोन करून काय हवे ते विचारावे. बहुतेक जण लाडू सांगणार नाहीत.