पाच रुपयांची ओळख

दसरा उलटला की होस्टेलवर सबमिशनच्या रडगाण्याबरोबर ट्रेकच्या गप्पाही सुरू होतात. पाऊस गेलेला, सोनकी अजून पिवळीधमक, वाटा वाळलेल्या. यंदा आमच्या विंगमध्ये नवीनच टूम निघाली आहे: गेटवरच्या काळीला बरोबर न्यायचं. फोटो झकास येतील म्हणे! माझा विरोध नाही. पण मित्रांनो, आधी माझं थोडं ऐका, कारण या बाबतीत मी स्वतः एक गुन्हा करून बसलोय.

मी घोडपदेवचा. आमच्या चाळीत कुत्रं कुणा एकाचं नसतं. सकाळी एका दारात पाव, दुपारी दुसऱ्या दारात माशाचं डोकं. त्यामुळे दिसेल त्या कुत्र्याला बिस्किट घालायची सवय अंगात मुरलेली. फर्स्ट इयरला असताना ऑक्टोबरात आम्ही सहा जण राजमाचीला गेलो. लोणावळ्याहून उधेवाडीपर्यंत पंधराएक किलोमीटरची चाल. गावात शिरलो तर एक तांबडं कुत्रं मागे लागलं. पाच रुपयांचा पुडा संपेपर्यंत दोस्ती पक्की. श्रीवर्धनवर आमच्याआधी तेच पोचलं. सतत पुढे आणि कुणाचंच ऐकत नाही, म्हणून त्याचं नाव ठेवलं 'एचओडी'. (सरांनी हलके घ्यावे.)

दुसऱ्या दिवशी कोंढाणे लेण्यांच्या वाटेने कोंदिवड्याला उतरलो. एचओडी बरोबर. याला परत पाठवू या, असं कुणाच्या तोंडून निघालं नाही. खाली गावातल्या चार-पाच कुत्र्यांनी त्याला घेरलं. कुत्र्यांची हद्द असते, हे चाळीत वाढलेल्या मला तरी कळायला हवं होतं. आम्ही ती कशीबशी हाकलली, तेवढ्यात कर्जतची टमटम आली आणि आम्ही चढलो. ते मागे धावत राहिलं. बराच वेळ दिसत होतं.

भायखळा येईपर्यंत कुणी फारसं बोललं नाही. जिथे जेवलो होतो त्या काकूंना आठवड्याने फोन केला. "नाही आला अजून," एवढंच म्हणाल्या. कुत्रा त्यांचाच होता. कोंबड्या राखायचा.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. गडावरच्या गावातलं कुत्रं गावातच राहिलं पाहिजे. उतरायच्या आधी ज्यांच्याकडे जेवलात त्यांना सांगा, ते बांधून ठेवतील. दोन मिनिटांचं काम.

आपलं कुत्रं न्यायचं तर जरूर न्या, पण रेबीजची लस, पट्टा आणि त्याचं वेगळं पाणी घेऊन. ऑक्टोबर हीट आपल्याला घामाने झेपते; त्याला मात्र जीभ बाहेर काढून धापाच टाकाव्या लागतात. कातळावर आपल्या हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. टेकवत नसेल तर त्याचे पायही पोळणार. पहाटे निघा, उन्हं चढायच्या आत सावली गाठा. परतल्यावर कानामागे गोचीड बघा, वाळक्या गवतात भरपूर असतात. लोणावळा-राजमाचीची वाट बरी, लोहगडच्या पायऱ्याही चालतील. हरिहरच्या उभ्या पायऱ्यांवर आपलीच फाटते, तिथे त्याला ओढू नका.

आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, कर्नाळा, भीमाशंकर ही नावं यादीतून काढाच. अभयारण्यात आपल्या कुत्र्याचा आजार रानातल्या जनावरांना लागू शकतो. २०१८ साली गीरच्या सिंहांमध्ये डिस्टेंपरची साथ आली होती, तो मुळात कुत्र्यांमध्ये आढळणारा रोग. शिवाय बिबट्यालाही कुत्रं आवडतं, पण वेगळ्या अर्थाने!

आता काळी. तिला लोकलच्या गर्दीत नेणं जमणार नाही, गाडी करावी लागेल. वर्गणी काढा, माझे दोनशे धरा. फक्त जायच्या आधी मेसच्या फळ्यावर एक नाव लिहा: ती वाटेत हरवली, तर ट्रेन सोडून तिला शोधायला मागे कोण थांबणार? कुणीच लिहिलं नाही, तर माझं लिहा.